सातवा साकव

“आई, ही पालखी आपल्या घरी यायची नाही.”

अंगणात उकिडवी बसून कुमुद हे म्हणाली आणि माझ्या हातातलं सूप थांबलं. शिमगा तोंडावर आलेला, घरात कामाचे ढीग, आणि ही माझी सून, लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नाही, देवीच्या वाटेला आडवं बोलते.

“जीभ आवर,” मी म्हटलं. “शाळेतलं शाळेत. इथं पालखीचं नाव घेताना आधी हात जोडायचे असतात.”

“मी वाईट बोलत नाही, आई. हिशोब सांगते.”

तालुक्याच्या हायस्कुलात ती गणित शिकवायची. माझं नाव सरस्वती आणि शाळा दुसरीपर्यंत. त्यामुळे हिशोब हा शब्द तिनं माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरायचं. पण तिच्या पुढ्यात रांगोळीचे चार ठिपके होते आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि ते माझं गाव आहे हे मला शाळा न शिकताही दिसलं.

आमचं खोलवडी म्हणजे खाडीच्या तोंडाशी वहाळानं, म्हणजे ओढ्यानं, केलेले चार तुकडे. मधली वाडी आमची, देवळाला लागून. मग वरची वाडी, खालची वाडी आणि पल्याड. पल्याड एकच घर. हे तुकडे जोडायला सहा साकव. साकव म्हणजे काय ते हल्ली सांगावं लागतं: पोफळीचे सोट टाकून केलेला पूल, पालखी आणि तिचे भोई जेमतेम जातील एवढा.

शिमग्याच्या पुनवेला देवी गाव बांधायला निघते. प्रत्येक साकवावरून तिनं जायचं, पण एकदाच. एखादा राहिला तर त्या अंगानं गाव उघडं पडतं. एखाद्यावरून दोनदा गेली, तर जे मागं सोडून आलो ते पाठीला लागून परत येतं. मला हे सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. फेरा संपेल त्या अंगणात देवी बसते आणि त्या घरच्या बाईला मान मिळतो. पहिली ओटी तिची. वर्षभर देवळात पहिला नारळ तिचा. पुढच्या साली पालखी कुणाच्या अंगणातून उठवायची ते सांगायचं तिनं. आमच्या घरच्या बायका आमच्याच अंगणातून उठवत आल्या, आणि दर साली देवी सगळं गाव फिरून आमच्याच अंगणात येऊन बसत आली. लोक म्हणत, देवीचा जीव खोतांच्या घरावर. मीही म्हणायचे. मला ते ऐकायला फार गोड लागायचं.

“हे बघा,” कुमुद म्हणाली. “हात न उचलता सगळ्या रेघा गिरवायच्या. एका रेघेवरून एकदाच. आपल्या ठिपक्यापासून निघायचं आणि आपल्या ठिपक्यावर यायचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मी बोट टेकवलं. सहा साकवांच्या सहा रेघा, आणि सातवी त्या किंजळीची.

किंजळीचं सांगायला हवं. दिवाळी सरल्यावर एका सकाळी, वारा नाही की पाऊस नाही, आमच्या वाडीच्या टोकाचं जुनं किंजळीचं झाड मुळासकट उपटून वहाळावर आडवं पडलं. बुंधा आमच्याकडे, शेंडा पल्याड. पडतानाचा आवाज कुणी ऐकला नाही. लोक आधी त्याला वळसा घालून गेले, मग पोरं त्यावरून पलीकडे जाऊ लागली, मग डोक्यावर भारा घेतलेल्या बायका. शिमग्याआधी गोविंद गुरव दर साकवाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतो. तोरण बांधलं की तो साकव देवीच्या वाटेत आला. त्या साली त्यानं सहा बांधली आणि उरलेल्या पानांचं सातवं किंजळीला बांधलं. मी फैलावर घेतलं तर म्हणाला, “वैनी, माणसं जातात त्याच्यावरनं. माणसं जातात तो साकव.” बांधलेलं तोरण मग सोडता येत नाही.

मी रेघा गिरवल्या. एक राहिली. पुसून पुन्हा गिरवल्या. पुन्हा एक राहिली, दुसरीच. वेगळ्या बाजूनं निघाले तर सगळ्या झाल्या, पण बोट पल्याडच्या ठिपक्यावर येऊन थांबलं. कुमुद आत गेली, चहा करून आली, तो निवला. मी अंगणातच होते. दुपारी भाकरी थापताना परातीतल्या पिठावर गिरवलं. चुलीपुढच्या राखेत गिरवलं. विश्राम, माझा मुलगा, जेवायला बसला तर त्याच्या ताटात वाढायचं सोडून मी ताटाभोवती बोट फिरवत होते. काहीतरी ओढत होतं. आता जमेल असं वाटायचं, आणि बोट दर वेळी पल्याड जाऊन थांबायचं, विहिरीच्या काठाशी थांबावं तसं.

“कशानं होतं गं हे?” शेवटी मी विचारलं. विचारताना माझा जीव गेला.

“वाडीत शिरायला एक वाट लागते आणि बाहेर पडायला दुसरी,” ती म्हणाली. “म्हणजे वाटा जोडीनं लागतात. आपल्या वाडीला दोन साकव होते, पल्याडला दोन, बाकीच्यांना चार चार. सगळ्यांच्या जोड्या जुळत होत्या. किंजळ पडली आणि आपल्याला झाले तीन, पल्याडला झाले तीन. एकेक उरतो. ज्याच्याकडे एक उरतो तिथून निघता येतं, नाहीतर तिथं थांबता येतं. निघून परत नाही येता येत.”

“देवीला कोण अडवणार?”

“कुणी अडवत नाही, आई. वाटच नाही.”

मग तिनं मला परमुलखातल्या एका शहराचं सांगितलं. तिथंही सात पूल होते. लोक सुटीच्या दिवशी पैज लावून फिरायचे, सगळे पूल एकदाच ओलांडून दाखवायचे म्हणून, आणि कुणाला जमायचं नाही. दूर बसलेल्या एका गणितीनं कागदावर पाहिलं आणि सांगितलं, फिरू नका, जमणार नाही, कुणालाच कधीच जमणार नाही. “त्यानं पाय उचलला नाही,” कुमुद म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “कॉलेजात हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मला रडू आलं होतं. केवढं मोठं वाटलं. माणूस घरात बसून सांगू शकतो, की या जगात अमुक एक वाट नाहीच.”

“त्या पुलांवरून देव जात नव्हता.”

“जात असता तरी.”

ती हे उद्धटपणे बोलली असती तर मी तिला तिथंच वाजवलं असतं. ती हळू बोलली. म्हणून मला ते लागलं. आणि त्याहून जास्त लागलं ते मला उशिरा सुचलं.

“म्हणजे आजवर ती आमच्या अंगणात येऊन बसायची ते?”

कुमुदनं रांगोळीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. “साकव सहा होते म्हणून, आई. जिथून उठवाल तिथंच बसणार. वरच्या वाडीतून उठवली असती तर वरच्या वाडीत बसली असती.”

सासूची सासू, सासू, आणि मी. आम्ही ज्याला देवीचा जीव म्हणत होतो ते हे. मी सूप उचललं आणि तांदूळ पाखडायला घेतले. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते.

आता पल्याड कोण ते सांगते. माझी थोरली जाऊ, द्वारकाक्का. खरा मान आधी तिचा. थोरले भावजी तरणेपणी गेले तेव्हा सासूनं ठरवलं की विधवेनं ओटी भरायची नाही, आणि मान माझ्या हाती आला. अक्का वहाळापलीकडच्या बागेतल्या घरात राहायला गेली. आपण होऊन गेली असं आम्ही म्हणतो. पुढं मीही विधवा झाले. तेव्हा सासू नव्हती, नियम करणारी मीच होते, आणि मी मान सोडला नाही. विचारायची छाती कुणाला झाली नाही. या घराच्या नाकावर मी माशी बसू दिली नव्हती, आणि त्याच घराची देवी आता त्या एकटीच्या अंगणात जाऊन बसणार होती. मला जेवण जाईना.

मार्गही कुमुदनंच काढला. “उलटं करा,” ती म्हणाली. “पल्याडहून निघाली तर फेरा आपल्या अंगणात संपतो. कुठून उठवायची ते सांगायचा मान अजून तुमचाच आहे ना? आणि रूपं, देवीचे ते मुखवटे, लागेपर्यंत पालखी म्हणजे नुसतं लाकूड, असं गुरवकाकाच म्हणतात. रूपं टोपलीत झाकून आधी पलीकडे न्यायची. ते देवीचं चालणं नाही.”

मुलगी हुशार होती. पण अंगण अक्काचं. तिला विचारावं लागणार होतं, आणि विचारायला मलाच जावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर किंजळीवरून पलीकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खोड भक्कम होतं, जरासुद्धा हललं नाही.

अक्काचं अंगण ताजं सारवलेलं होतं. मधोमध चिऱ्यांचा चौथरा, पालखी टेकवायला असतो तसा. ती त्याच्या कडेला बसून सुपारी कातरत होती. डोळ्यांवर मोतीबिंदूची साय, पण अडकित्ता नेमका चालत होता.

“कोण?”

“सरस्वती.”

“पावलं ओळखली नाहीत मी. फार दिवस ऐकली नाहीत. बस.”

“बसायला नाही आले, अक्का.”

“ते ठाऊक आहे. बसायला इथं कोण येतं.”

मी चौथऱ्याकडे बघत होते. “हा कधी बांधलात?”

“पाऊस सरता सरता. एकेक चिरा ढकलत आणला.”

म्हणजे झाड पडायच्या आधी. “कशासाठी?”

“हातांना काम नको का?” ती म्हणाली. “तू बोल. तुझं काम सांग.”

“यंदा पालखी तुमच्या अंगणातून उठवायची म्हणते.”

अडकित्ता थांबला. “उठवायची. आणि बसवायची कुठं?”

“बसेल तिथं.”

“बसेल तिथं,” ती हसली. दात नव्हते, हसू मात्र तसंच होतं. “सून मास्तरीण आहे म्हणतात तुझी. छान बोलायला शिकवलंय तुला. विधवेचं अंगण चालतं का गं आता देवीला?”

“चालतं.”

“कधीपासून?”

“मी झाले तेव्हापासून.”

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडणात मला कुणी हरवलेलं नाही. तिनं नुसती मान हलवली, बाजारात भाव पटल्यासारखी.

“खोटं तरी बोलली नाहीस,” ती म्हणाली. “उठव. माझी ना नाही. एवढंच कर, त्या झाडावरून देवीला सगळ्यात शेवटी ने.”

“का?”

“पडल्यापासून बोलतं ते. तुम्हाला नाही ऐकू येत. देवी त्यावरून गेली की गप्प होईल, आणि मग मला करमणार नाही. तेवढा दिवस तरी ऐकू दे.”

मी निघाले. झाडावरून परत येताना मुद्दाम मध्ये थांबून कान दिला. खाली पाणी होतं, आणखी काही नाही.

घरी येऊन कुमुदला सांगितलं. तिनं पुन्हा रांगोळी घेतली, पुन्हा चार ठिपके काढले आणि पल्याडहून निघून, किंजळ शेवटाला ठेवून, सगळ्या रेघा एका दमात गिरवल्या. बोट आमच्या ठिपक्यावर येऊन थांबलं.

“कशीही फिरा,” ती म्हणाली. “हिशोबाला आधी आणि नंतर कळत नाही. शेवट आपल्याच अंगणात.”

पुनवेला सकाळी रिकामी पालखी आणि टोपलीत झाकलेली रूपं किंजळीवरून पलीकडे नेली. गोविंद गुरवानं अक्काच्या चौथऱ्यावर रूपं लावली, गाऱ्हाणं घातलं, ढोल वाजले आणि देवी उठली. विश्राम पुढच्या दांडीला होता. अशी हलकी कधीच लागली नव्हती, असं तो वाटेत मला म्हणाला. “आई, उचलावी लागत नाही. आपण फक्त खाली उभं राहायचं.”

वरची वाडी झाली. तिथून खालची, मग दुसऱ्या साकवानं पुन्हा वरची. कुमुद माझ्या बाजूनं अनवाणी चालत होती आणि प्रत्येक साकव मागं पडला की एक बोट दुमडत होती. दुपारी, भर उधाणाला, आम्ही मधल्या वाडीत उतरलो. साकवांच्या सोटांना पाणी लागत होतं. माझ्या अंगणात रांगोळ्या काढलेल्या होत्या, समई मांडलेली होती, आणि देवी त्या अंगणातून नुसती गेली. शेजारच्या घरी निघालेल्या बाईनं वाटेत हाक द्यावी आणि थांबू नये, तशी.

“येणार आहे परत,” कुमुद म्हणाली. मी तिला विचारलं नव्हतं.

अंगणातून किंजळ दिसत होती. तोरण जागेवर होतं. पाणी खोडाला लागलंही नव्हतं.

आम्ही खालच्या वाडीत गेलो. ओहोटी लागली, वहाळाचं पाणी उतरत गेलं, घरोघरच्या आरत्या घेता घेता उन्हं तांबडी झाली. गोविंद गुरव मधेच अक्काच्या चौथऱ्यावरच्या समईसाठी तेल आणायला मागं फिरला होता. तो आमच्या वाडीतून किंजळीवरून पल्याड गेला, अक्काकडे तेल ठेवून पुढच्या साकवानं आम्हाला येऊन मिळाला. धोतराला चिखलसुद्धा लागला नव्हता. मग आम्ही सहावा साकव उतरलो आणि पल्याडच्या मातीला पाय लागले. सगळे साकव झाले होते. उरली होती ती किंजळ, आणि किंजळीपलीकडे माझं अंगण.

ढोल आधी थांबला. ढोलवाला सगळ्यांच्या पुढं होता.

काठावर आलो तर समोर वहाळ होता आणि त्यावर काही नव्हतं. झाड नव्हतं. ओहोटीचा चिखल इथून तिथवर उघडा पडलेला, त्यावर खेकड्यांच्या बारीक नक्ष्या, आणि ओढल्याची, सरपटल्याची एक रेघ नाही. पलीकडे आमच्या बाजूला मुळं उपटली तिथला खड्डा होता. तोही रिकामा. घराएवढं मुळांचं जाळं, मातीसकट, कुठं गेलं ते कुणाला सांगता येईना. मधे पाण्याची एक चिंचोळी धार वाहत होती. तिच्यातून काटकी वाहून गेली नसती.

तोरण मात्र आमच्या पायाशी होतं. काठावर नीट ठेवलेलं. तुटलेलं नव्हतं, गाठ सोडलेली होती.

“दुपारच्या उधाणात गेलं असेल,” कुमुद म्हणाली.

“मी आत्ता आलो त्याच्यावरनं,” गोविंद गुरव म्हणाला. “आत्ता, वैनी.”

“मागं फिरवा,” मी म्हटलं. “खालच्या साकवानं चला. माझ्या अंगणात नेऊन बसवा.”

कुणी हललं नाही.

“विश्राम, मी काय सांगते?”

“आई, पाय उचलत नाही,” तो म्हणाला. घामानं थबथबला होता. सकाळी जिच्याखाली फक्त उभं राहायचं होतं, तिची दांडी त्याच्या खांद्यात रुतली होती. चारही भोई वाकले होते.

“साकव दोनदा, वैनी?” गुरवानं विचारलं. “पाठीला कोण लागून येईल ते तुम्ही सांभाळाल?”

मी कुमुदकडे वळले. ती खाली बसली होती. काटकीनं चिखलात तिनं चार ठिपके काढले होते आणि त्यांत सहाच रेघा. मी वाचायला शिकले नाही, पण ते मला वाचता आलं. सगळ्या जोड्या जुळल्या होत्या.

“सहा झाले, आई,” ती म्हणाली. “जिथून उठली तिथंच.”

“तू म्हणालीस हिशोबाला आधी आणि नंतर कळत नाही.”

“नाही कळत,” ती म्हणाली. तिनं काटकी खाली ठेवली. “कुणालातरी कळलं.”

पालखी वळली. वळवली असं मी म्हणणार नाही, कारण वळवा असं कुणी म्हटलं नव्हतं. ती अक्काच्या अंगणाकडे निघाली आणि भोयांचे पाय मोकळे झाले.

अक्का चौथऱ्याशी उभी होती. कुणी तिला सांगायला गेलं नव्हतं. हिरवं लुगडं नेसलेली, हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. पहिली ओटी खांद्यावरच भरायची असते, भरून झाली की पालखी टेकवतात. ती चाचपडत पुढं आली. हात वर केला आणि देवीच्या पुढ्यात ओटी ठेवली. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. ते असतं तर मी तिला आयुष्यभर सुखानं शिव्या दिल्या असत्या. ती कान देऊन काहीतरी ऐकत होती, आणि ऐकू येत नव्हतं.

“गप्प झालं,” ती म्हणाली. मग तोंड माझ्या दिशेला केलं. “ये, सरस्वते. दुसरी तुझी.”

दुसरी. सगळं गाव बघत होतं. मान गेला तो गेला, पण चालताना मी पाय अडखळू दिला नाही. गेले, ओटी भरली, आणि मागं सरून अक्काच्या डाव्या हाताला उभी राहिले. देवी बसली की रूपं उतरेपर्यंत फेऱ्यातल्या माणसानं साकव ओलांडायचा नसतो. त्यामुळे त्या दिवशी मी तिच्या घरी जेवले. भात मऊ होता, कढीत मीठ कमी होतं. मी तसं म्हटलं. तिनं मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर अक्का होती तोवर दर शिमग्याला पालखी तिनं आपल्याच अंगणातून उठवली, आणि सहा साकव फिरून ती तिच्याच अंगणात बसली. त्यात नवल नाही, आता गावातल्या पोरांनाही तो हिशोब येतो. कुमुद शाळेत शिकवते ना. आधी परमुलखातल्या शहराचे सात पूल सांगते, मग खोलवडीचे सहा साकव फळ्यावर काढते. पोरांना फार आवडतं म्हणतात. किंजळीचं ती सांगत नाही.

अक्का एका उन्हाळ्यात गेली. लोकांनी मला म्हटलं, आता मान तुमचा. मी म्हटलं, कसा? मान ज्या अंगणात देवी बसली तिथल्या बाईचा. पालखी कुठून उठवायची ते तिनं सांगायचं, आणि सांगायला ती नाही. विचारणार कुणाला? मग देवी बसली आहे तिथूनच उठते. रिकाम्या घरापुढून निघते आणि रिकाम्या घरापुढं येऊन बसते. ते अंगण मी सारवते. कुणी सांगितलेलं नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हातचं सारवण मला पटत नाही.

यंदा विश्रामनं पंचायतीत सिमेंटचा पूल मंजूर करून आणला, बरोबर किंजळ होती त्या जागी. मोठ्या आनंदानं सांगायला आला. “सात होतील, आई. पल्याडहून निघेल आणि आपल्या अंगणात येईल. कुमुदला विचार.”

मी कुमुदला विचारलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. देवी आमच्या अंगणात येईल हे खरं. पण तिच्या बरोबरीनं त्या अंगणातून दर साली कोण उठतं, आणि पूल झाला तर ते कुणाच्या घरी येऊन बसेल, याचा विश्रामनं अजून विचार केलेला नाही. मी सरपंचाला निरोप धाडला की मी आहे तोवर तिथं एक चिरासुद्धा पडायचा नाही.

कारण पहिली ओटी अजून अक्काचीच आहे. फेरा संपतो, पालखी त्या चौथऱ्यापुढं येते, भोई ती खांद्यावरच धरून उभे राहतात आणि सगळा गाव माना खाली घालून गप्प होतो. म्हाताऱ्या बाईला चाचपडत यायला आणि ओटी भरायला जेवढा वेळ लागेल तेवढा. मग गोविंद गुरव म्हणतो, “झाली.” कुमुदनं एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, काका, झाली ते तुम्हाला कसं कळतं? तो म्हणाला, मला कुठं कळतं, मी भोयांकडे बघतो. मग तिनं आपल्या नवऱ्यालाच विचारलं.

“खांद्याला कळतं,” विश्राम म्हणाला. “तांदूळ आणि एक नारळ, एवढं वजन वाढतं.”

ते वाढलं की मी पुढं होते, आणि दुसरी ओटी भरते.